लेकीसाठी पहिला मल्टीमीटर

प्रश्न : मुलगी 11 वर्षांची आहे. सेल, एलईडी, छोट्या मोटरी जोडत असते. तिला कोणता मीटर घ्यावा?

उत्तर : ऑटो-रेंजचा, म्हणजे मोजण्याची रेंज स्वतःच निवडणारा, डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट, रोध मोजणारा मीटर) घ्या. कंटिन्युइटीचा बझर, म्हणजे वायर आतून सलग असेल तर वाजणारा, हवाच. आतून तुटलेली वायर त्याने लगेच सापडते. मुलांकडून खरा घोटाळा होतो तो करंट मोजल्यावर. मीटरची लाल वायर मिलिअँपिअरच्या (करंट मोजायच्या) सॉकेटमध्ये तशीच राहते आणि पुढच्या वेळी व्होल्टेज बघायला थेट सेलला लावली जाते. तिथे मीटरचा रोध अगदी कमी, म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किटच, आणि फ्यूज उडतो. म्हणून फ्यूज बदलता येईल असाच मीटर निवडा, त्याच रेटिंगचे दोन फ्यूज आणून ठेवा. रोध मोजण्याआधी सर्किटमधला सेल काढायला शिकवा. घरातल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला मात्र हात नाही, मीटरवर 600 व्होल्ट छापले असले तरी.