तोंडाला कोरड, डोळ्यांत खडे : शोग्रेन सिंड्रोमविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ४६. वर्षभर डोळ्यांत खडे गेल्यासारखं टोचतं. कोरडा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. रोज तीन-चार लिटर पाणी पिते, तरी कोरड तशीच. डॉक्टरांनी शोग्रेन सिंड्रोमची शंका व्यक्त केली आहे.

ही कोरड पाणी कमी पडल्याची नाही, त्यामुळे पाण्याने ती जाणारही नाही. शोग्रेनमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ग्रंथीतल्या बारीक नळ्यांभोवती जमतात आणि ग्रंथीचं पाझरणं मंदावतं. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून हे नाव. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना चाळिशी-पन्नाशीत निदान होतं.

लाळ म्हणजे नुसतं पाणी नव्हे. तिच्यात म्युसिन हा बुळबुळीत पदार्थ असतो आणि तोच तोंडाच्या आतल्या त्वचेला ओल धरून ठेवतो. सारखं पाणी पीत राहिलं की उरलासुरला म्युसिनही धुऊन जातो, रात्री लघवीला उठावं लागतं आणि झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच. जेवताना आणि बोलताना छोटे घोट पुरेत. लघवीचं प्रमाणही वाढलं असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. शिवाय घेत असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. ॲलर्जीवरच्या काही गोळ्या, नैराश्यावरचं ॲमिट्रिप्टिलिन, लघवी रोखण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिन यांनीही अशीच कोरड पडते.

प्रश्न : माझा आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आणि अँटी-एसएसए निगेटिव्ह आहे. सांधे दुखतात, डोळे कोरडे. हा आमवात की शोग्रेन?

आरए (म्हणजे आमवात) फॅक्टर ही रक्तातली प्रतिपिंडं, पण त्यांच्या नावावर जाऊ नका. शोग्रेनच्या जवळपास निम्म्या रुग्णांत तो पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे एवढ्यावरून आमवाताचं निदान होत नाही. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. सांध्यांना सूज आहे का, हे हाताने तपासूनच ठरतं.

एसएसए ही शोग्रेनच्या निदानासाठी रक्तात शोधतात ती प्रतिपिंडं. ती निगेटिव्ह आली म्हणजे शोग्रेन नाही, असंही नव्हे. २०१६च्या आंतरराष्ट्रीय निकषांत चार गुण लागतात. एसएसएला तीन, ओठाच्या बायोप्सीला तीन; अश्रूंची चाचणी, लाळेची चाचणी आणि डोळ्याला रंग घालून केलेली तपासणी यांना एकेक. आता तुमचं गणित मांडा : एसएसए गेलं, तर एकेका गुणाच्या तिन्ही चाचण्या बिघडलेल्या निघाल्या तरी बेरीज तीनच. म्हणून अशा वेळी डॉक्टर ओठाच्या बायोप्सीचा आग्रह धरतात, आणि तो रास्त आहे. हे निकष मुळात संशोधनासाठी आहेत. एखाद्या गुणाने चुकलं म्हणून जाणता डॉक्टर उपचार थांबवत नाही.

अश्रूंच्या शिर्मर चाचणीत ५ मिलिमीटर रुंद कागदी पट्टीचं टोक खालच्या पापणीत अडकवतात. पाच मिनिटांत ओल ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी सरकली तर अश्रू कमी. लाळेसाठी तासभर काही खायचं-प्यायचं नाही, मग मान खाली घालून १५ मिनिटं लाळ आपोआप कपात गळू द्यायची. मुद्दाम चोखायची किंवा चघळायची नाही, तिथेच मोजमाप चुकतं. १.५ मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली तर लाळ कमी. बायोप्सीत खालचा ओठ बधिर करून आतल्या बाजूने चार-सहा छोट्या ग्रंथी काढतात. चार चौरस मिलिमीटरमध्ये पन्नासहून जास्त लिम्फोसाइटचा निदान एक पुंजका दिसला तरच बायोप्सीचे तीन गुण मिळतात. काहींच्या ओठाचा तेवढा भाग काही काळ बधिर राहतो. हे आधी विचारून घ्या.

प्रश्न : निदान झालं आहे. दोनदा ब्रश करूनही दात हिरड्यांलगत किडताहेत. डोळ्यांत दिवसाला आठ वेळा थेंब घालतो, तरी चुरचुर वाढतेच आहे.

थेंबांपासून सुरुवात करू. पुष्कळ बाटल्यांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, असतं. दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा घातलं तर तेच डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा करतं, म्हणजे औषधच आग लावतं. परिरक्षक नसलेले थेंब मागा. रात्री झोपताना मलम. दिवसा नको, दिसायला धूसर होतं. पापण्यांच्या कडेच्या तैलग्रंथी तुंबल्या असतील तर पाच-दहा मिनिटं गरम फडक्याने शेका. दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले असतील तर ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला महिने लागतात. पंधरा दिवसांत सोडून देणं ही नेहमीची चूक.

दातांचं कारण साधं आहे : लाळ आम्ल धुऊन काढते आणि ते सौम्यही करते. तोंडातला पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं आवरण विरघळू लागतं, आणि लाळ नसेल तर तो बराच वेळ खालीच राहतो. लाळ सुटावी म्हणून आंबट-गोड गोळ्या चोखत असाल तर आजच बंद करा. साखर नसलेलं, झायलिटॉलचं च्युइंगम चालेल. साध्या टूथपेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं. दंतवैद्य ५००० पीपीएमची लिहून देऊ शकतात. ब्रश झाल्यावर थुंका, पण चूळ भरू नका. जीभ लालबुंद होऊन आग होत असेल आणि ओठांचे कोपरे चिरत असतील, तर बहुधा बुरशी आहे. तिला वेगळं औषध लागतं.

ग्रंथींत थोडा जीव असेल तर पायलोकार्पिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांनी लाळ वाढते, पण घामही फुटतो. आटोक्यात नसलेला दमा किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू असेल तर त्या घेता येत नाहीत.

प्रश्न : कानाखाली सूज येते-जाते. घाबरायचं का?

येते-जाते ती बहुधा आजाराचीच. एका बाजूची, टणक, महिनोन्‌महिने न ओसरणारी सूज, सोबत पायांवर जांभळे ठिपके, ताप किंवा वजन घटणं असेल तर थांबू नका. शोग्रेनमध्ये लिम्फोमाचा, म्हणजे लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो. बहुसंख्य रुग्णांना तो कधीच होत नाही, तरीही अशी गाठ तपासून घ्यावीच लागते.

प्रश्न : मुलीला शोग्रेन आहे, एसएसए पॉझिटिव्ह. बाळाला धोका?

एसएसए प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि साधारण शंभरात एक-दोन बाळांच्या हृदयाचे विद्युतसंदेश अडतात. गर्भधारणेआधीच संधिवाततज्ज्ञांना भेटा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीमुळे हा धोका कमी होतो असं दिसतं. सर्वांत नाजूक काळ १८ ते २६ आठवड्यांचा. त्या काळात बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी किती अंतराने करायची, हे स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्या.