आधी किलोवॉट, मग घोषणा

स्वच्छ वाहतुकीची बाजू सरकारदरबारी मांडायच्या कामात यायचंय ना? मग सगळ्यात आधी किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांतला फरक घोटून घे. पहिला म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग, दुसरा म्हणजे एकूण वापर. इथे चूक झाली की समोरचा इंजिनिअर पुढचं ऐकतच नाही (हे मी भोगलंय). पेट्रोलची गाडी इंधनातली जेमतेम 20-30 टक्के ऊर्जा चाकांपर्यंत नेते, इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतली सुमारे 80 टक्के. हे तोंडपाठ हवं. वीज कोळशाची असेल तर फायदा घटतो, तेही स्वतःहून सांग. आणि नुसत्या गाड्यांत अडकू नकोस; बस, सायकल, फुटपाथ यांच्या बाजूने बोलणारे कमीच. भेटीगाठी अर्थसंकल्प ठरण्याआधी उरक, नंतर सगळे नुसती मान डोलावतात.