टोपी काढणारे की टोपी छेदणारे?

प्रश्न असा : ‘डीकॅपिंग एन्झाइम’साठी ‘टोपी काढणारे विकर’ आणि ‘एमआरएनए डिके’साठी, म्हणजे प्रथिने बनवण्याचा संदेश नेणाऱ्या आरएनए रेणूच्या मोडतोडीसाठी, ‘क्षय’ असे लिहिले तर चालेल का?

‘क्षय’ नको. मराठी वाचकाला आधी क्षयरोगच आठवतो. शिवाय क्षय आपोआप होतो, इथे मात्र तोडणारी विकरे आहेत. ‘विघटन’ म्हणावे.

‘टोपी’ हा शब्द चांगला आहे. टोपी घालणे, टोपी उडवणे यांची आठवण झाली तरी अर्थाला बाधा येत नाही. ‘टोपण’ही कुणी सुचवेल, पण पेनाचे टोपण काढले तर जसेच्या तसे परत लागते. माझी हरकत ‘काढणारे’ला आहे.

टोपी म्हणजे मेथिल हा छोटा गट लागलेला ग्वानोसिन, आरएनएच्याच घटकांपैकी एक. तो आरएनएच्या पाच-प्राइम, म्हणजे सुरुवातीच्या, टोकाला ३ फॉस्फेटांच्या साखळीने, उलट्या दिशेने जोडलेला असतो. डीसीपी२ हे विकर नेमके या साखळीत छेद घेते. २ फॉस्फेट टोपीबरोबर जातात, १ आरएनएवर उरतो. तो उरलेला एक फॉस्फेट महत्त्वाचा, कारण पुढे आरएनए कुरतडत नेणाऱ्या एक्सआरएन१ला असेच टोक लागते. टोपी शाबूत असेल तर त्याला सुरुवातच करता येत नाही. म्हणून ‘टोपीछेदक विकर’. टोपी देशी आणि छेदक संस्कृत, ही जोडी शुद्धतावाद्यांना खटकेल. खटकू द्यावी.

छेदाची जागा या विकराच्या कुळनावातच आहे. डीसीपी२ ‘न्यूडिक्स’ कुळातले. न्यूक्लिओसाइड (ग्वानोसिनसारखा घटक) डायफॉस्फेट आणि त्याला जोडलेले काहीही, म्हणजे ‘एक्स’, यावरून ते नाव पडले. इथे एक्स म्हणजे अख्खा आरएनए. या नावाचे भाषांतर करू नये.

रचना समजावताना अडकित्ता आठवावा. दोन भाग, मध्ये लवचीक सांधा; पाते मात्र एकाच भागाला, न्यूडिक्सला. दुसऱ्या भागाला डीसीपी१ हा साथीदार चिकटतो आणि अडकित्ता मिटायला मदत करतो. पात्याची धार म्हणजे ग्लुटामिक आम्लांनी धरून ठेवलेले मॅग्नेशियम किंवा मँगनीज. ती ग्लुटामिक आम्ले बदलली, किंवा द्रावणात धातू बांधून घेणारे ईडीटीए जास्त पडून धातू पळवला गेला, तर आरएनए पकडीत असूनही छेद होत नाही.

सर्वांत मोठा घोळ डीसीपीएसचा. नावात डीसीपी आहे म्हणून त्यालाही ‘टोपीछेदक’ म्हणतात. ते न्यूडिक्स नव्हे, हिस्टिडीन-त्रयी कुळातले. आरएनए तीन-प्राइम, म्हणजे शेवटच्या, टोकाकडून खाल्ला गेल्यावर टोपीसकट जो आखूड तुकडा उरतो, त्यावर ते चालते; लांब आरएनएवर नाही. त्याचा छेदही एक फॉस्फेट अलीकडे, टोपीच्या बाजूला, पडतो, त्यामुळे टोपीबरोबर २ नव्हे, १ फॉस्फेट जातो. त्याला ‘टोपीसफाई विकर’ म्हणावे, आणि दोन्ही एकाच लेखात आली तर पहिल्या उल्लेखात डीसीपी२, डीसीपीएस ही मूळ नावे जोडून द्यावीत.