पाचपदरी पेटी खाली का बसते?

वाचकांचे प्रश्न : पुठ्ठा, पेटी आणि खोकी

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमचं छोटं पॅकहाऊस आहे. पाच किलोच्या द्राक्षपेट्या पॅलेटवर सोळा थर लावून शीतगृहात ठेवतो. यंदा आठव्या-नवव्या दिवशी खालच्या पेट्यांच्या भिंती फुगल्या आणि वरचा भार थेट घडांवर आला. पुरवठादार म्हणतो, पेटी पाचपदरीच आहे, वजनही ठरल्याप्रमाणे भरतं. मग चूक कुठे झाली?

उत्तर : पेटी किती पदरी आहे आणि तिचे वजन किती, यावरून ती किती भार पेलेल हे कळत नाही. पाच पदर म्हणजे तीन सपाट कागद (लायनर) आणि त्यांच्यामधले दोन नागमोडी कागद (फ्लूट). पेटी उभी राहते ती या नागमोडी कागदाच्या उभ्या नळ्यांवर. ऑर्डरमध्ये बहुधा जीएसएम (चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) आणि बीएफ एवढेच लिहिलेले असते. बीएफ म्हणजे कागद त्याच्या वजनाच्या मानाने फुटेपर्यंत किती दाब सोसतो त्याचे माप. आतून माल ढकलला गेला तर पुठ्ठा फाटेल का, हे त्यातून समजते. वरून वजन आले तर भिंत वाकेल का, हे समजत नाही. त्यासाठी दोन वेगळी मापे आहेत : पुठ्ठ्याच्या कडेची ताकद (ईसीटी) आणि पूर्ण पेटीची दाब सोसण्याची ताकद (बीसीटी). पुढच्या ऑर्डरमध्ये बीसीटीचा आकडा लिहून घ्या आणि प्रत्येक खेपेतल्या चार-पाच पेट्या प्रेसवर (पेटी दाबून पाहण्याच्या यंत्रावर) दाबून तपासायला सांगा.

आता तुमच्या पेटीचाच हिशेब मांडू. पेटी 400 × 300 × 120 मिमी, पुठ्ठा 6 मिमी जाड आणि ईसीटी सेंटिमीटरला 7 किलो असे धरू. मॅकी यांचे सूत्र असे : 5.87 गुणिले ईसीटी गुणिले (पेटीचा घेर गुणिले जाडी) याचे वर्गमूळ. घेर 140 सेंमी, जाडी 0.6 सेंमी, गुणाकार 84, वर्गमूळ 9.17. म्हणजे बीसीटी सुमारे 375 किलो. हे सूत्र साध्या चार झडपांच्या खोक्यासाठी आहे. ट्रेसारख्या उघड्या पेटीचा खरा आकडा प्रेसवरच मिळतो, पण अंदाजाला हे पुरे.

तळातल्या पेटीवर वरच्या पंधरा पेट्या येतात. पेटीसकट साडेपाच किलो धरले तर 82.5 किलो. 375 पुढे हा आकडा किरकोळ वाटतो, आणि फसगत होते ती इथेच. 375 ही कोरड्या प्रयोगशाळेतल्या, नव्या, बिनभोकाच्या पेटीची ताकद. द्राक्षाच्या शीतगृहात हवेतली आर्द्रता 90 ते 95 टक्के असते आणि त्या हवेत पुठ्ठ्याची ताकद निम्म्यावर येते : 187 किलो. हवेसाठीच्या भोकांपोटी 15 टक्के वजा करा : 159. कागदावर भार सतत राहिला की तो हळूहळू थकतो; दहा दिवसांत सुमारे 63 टक्के उरते : 100 किलो. इथपर्यंत पेटी कशीबशी तग धरते. पण थर विटांच्या बांधकामासारखे सांधा मोडून लावले असतील, तर यातलेही जवळपास निम्मे जाते. उरतात 50 किलो, आणि भार आहे 82.5.

असे का होते? पेटीवरच्या भारापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास भार चार कोपरे पेलतात. कोपऱ्यावर कोपरा आला नाही की हा भार खालच्या भिंतीच्या मधल्या, कमजोर भागावर पडतो. 1200 × 1000 मिमीच्या पॅलेटवर या मापाच्या दहा पेट्या नेमक्या बसतात : चार एका दिशेने, सहा दुसऱ्या दिशेने. पहिला थर जसा लावला, तसाच दुसरा, तिसरा आणि पुढचे सगळे लावायचे. हमाल दर थराला दिशा फिरवतात, कारण तशी रास घट्ट वाटते. घट्टपणा हवा असेल तर पॅलेटच्या चार उभ्या कडांना पुठ्ठ्याच्या कोपरपट्ट्या लावून आडवे पट्टे आवळा. फिरवायचाच असेल तर फक्त सगळ्यात वरचा थर फिरवा. पेटीची कड पॅलेटच्या बाहेर बोटभरही लोंबता कामा नये. तिथलाही कोपरा मग अधांतरी राहतो.

आणखी तीन गोष्टी पाहा. एक, पेटीची बाजू कापून नळ्या उभ्या आहेत ना ते बघा. कागद वाचावा म्हणून कधी कधी साचा आडवा लावला जातो आणि नळ्या आडव्या पडतात. तशी भिंत लगेच वाकते. दोन, पुठ्ठ्याची जाडी व्हर्नियरने मोजा, छपाईच्या जागी आणि कोऱ्या जागी. छपाईचा रोलर जास्त दाबला की नळ्या चेपतात. वजन तेवढेच राहते, जाडी आणि ताकद मात्र जाते. तीन, हवेची भोके कोपऱ्यापासून किमान चार-पाच सेंमी लांब, उभी आणि लांबट असावीत. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या पाच टक्क्यांच्या आसपास भोके प्रीकूलिंगला (साठवण्याआधी माल झटपट गार करायला) पुरतात.

वजन ठरल्याप्रमाणे भरणे हा पुरावा नव्हे. कागदात सात-आठ टक्के ओल असणे योग्य. ती बारा टक्के असेल तर शंभर किलो पुठ्ठ्यामागे चार-पाच किलो पाण्याचे पैसे तुम्ही मोजता, आणि तेच पाणी पेटी मऊ करते.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत आमचं पुठ्ठ्याच्या शीट बनवण्याचं सेमी-ऑटोमॅटिक युनिट आहे. पावसाळ्यात शीट वाकतात, काही शीटचे पदर सुटतात. खळ तीच, कागद तोच, मग जून लागला की हे का सुरू होतं?

उत्तर : दोन दुखणी वेगळी आहेत.

शीट वाकते ती दोन्ही बाजूंच्या लायनरमधल्या ओलीत फरक असल्यामुळे. चिकटवताना जो कागद जास्त ओला होता तो नंतर वाळून जास्त आकसतो आणि शीट त्याच बाजूला वळते. त्यामुळे शीट कोणत्या बाजूला वळली हे पाहिले की दोषी रीळ कोणते ते कळते. रिळे फरशीवर ठेवू नका. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. ट्रकमधून उतरलेले रीळ त्याच दिवशी मशीनवर चढवू नका, एक दिवस शेडमध्ये राहू द्या. दोन्ही लायनर ओलीच्या मीटरने मोजा. फरक दोन टक्क्यांवर असेल तर ओला कागद आधी प्रीहीटरवरून (कागद तापवणाऱ्या रोलवरून) काढा.

पदर सुटण्याचे कारण सांध्यातच दिसते. शीट हाताने उकला. सांध्यात पांढरी, कोरडी भुकटी दिसली तर स्टार्च शिजलेलाच नाही : रोल पुरेसा तापलेला नव्हता, किंवा कोरड्या, शोषणाऱ्या कागदाने शिजण्याआधीच खळीतले पाणी ओढून घेतले. दोन्ही कागदांचे तंतू उपटून आले तर चिकट उत्तम आहे. काहीच दिसत नसेल तर औषधाच्या दुकानातले टिंक्चर आयोडीन पातळ करून फवारा. स्टार्च निळा-काळा होतो आणि खळीच्या रेघा उमटतात. रेघा बारीक, अखंड आणि सारख्या हव्यात. एका कडेला तुटक असतील तर खळीचा रोल त्या बाजूला समांतर नाही. रेघा जाड असतील तर खळ जादा लागते आहे; मग बाहेरच्या कागदावर पन्हळी उमटतात आणि छपाई पट्ट्यापट्ट्यांची होते.

मक्याच्या स्टार्चच्या खळीत कॉस्टिक सोडा असतो तो शिजण्याचे तापमान खाली आणण्यासाठी. साधारण 60 अंश सेल्सिअसच्या आसपास ती घट्ट व्हायला हवी. कामगार ‘जरा जास्त चिकटू दे’ म्हणून कॉस्टिक वाढवतात. त्याने चिकट वाढत नाही. खळ टाकीतच घट्ट होते आणि कागदावर तपकिरी डाग येतात. पहिला चिकटपणा बोरॅक्सने येतो. पावसाळ्यात मात्र खळीत पाणी थोडे कमी ठेवा, कारण कागद आधीच ओला आहे.

तुमच्या पद्धतीत टू-प्लाय शीटवर (एक लायनर आणि एक फ्लूट चिकटवलेली शीट) दुसरा लायनर हाताने चिकटवून रास दाबून ठेवतात. ही रास पुरती वाळण्याआधी रोटरीला किंवा स्लॉटरला (घडीच्या रेघा पाडणाऱ्या आणि खाचा कापणाऱ्या मशीनला) घातली तर घडीवर नळ्या चेपतात, कोपरे आधीच मेलेले असतात. पाच-सहा शीटनंतर पट्ट्या घालून हवा खेळती ठेवा, पंखा लावा. घाईच्या ऑर्डरला सगळ्यात जास्त माल इथे बिघडतो.

प्रश्न : गडद तपकिरी क्राफ्ट कागद जास्त मजबूत असतो का? (सातपूर)

उत्तर : नाही. जर्मन भाषेत ‘क्राफ्ट’ म्हणजे ताकद. 1879 मध्ये कार्ल डाल या रसायनतज्ज्ञाने शोधलेल्या लगदा-पद्धतीतून तयार झालेल्या कागदाला हे नाव पडले. लाकडाच्या लांब तंतूंमुळे तो मजबूत होतो आणि मूळचाच तपकिरी असतो. आपल्याकडचा बहुतेक क्राफ्ट मात्र रद्दी खोक्यांच्या लगद्यापासून बनतो आणि त्याचा सोनेरी किंवा गडद रंग गिरणीत मिसळलेला असतो. रंग नव्हे, आकडे विचारा. 150 जीएसएम, 20 बीएफचा कागद म्हणजे फुटण्याचा दाब 150 × 20 ÷ 1000 = चौरस सेंटिमीटरला 3 किलो. 120 जीएसएम, 25 बीएफचाही तेवढाच येतो, वजनाने पाचव्या हिश्श्याने हलका. शीतगृहाच्या पेटीसाठी कॉब चाचणीचा आकडाही मागा. कागद ठरावीक वेळात किती पाणी पितो ते त्यातून कळते.

प्रश्न : पंचवटीत घरगुती फराळ करते. पांढऱ्या डुप्लेक्स डब्यात चकली-शेव भरली की दोन दिवसांत बाहेर तेलाचे डाग येतात. आत प्लास्टिक लावायचं नाही. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या डब्याची आतली बाजू राखाडी असेल. तो ग्रे-बॅक डुप्लेक्स : वर पांढरा लेप, खाली रद्दीचा लगदा. हा लगदा तेल शोषतो. शिवाय जुन्या छपाईच्या शाईतले खनिज तेल त्यात राहिलेले असू शकते, आणि तेलकट पदार्थाला ते लागते. तेलकट फराळ अशा पुठ्ठ्याला थेट लागू देऊ नका. वर्तमानपत्राचे अस्तर तर मुळीच नको. त्यात खाद्यपदार्थ बांधायला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मनाई आहे.

डबा नव्या लगद्याच्या, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या पुठ्ठ्याचा घ्या. अर्धा किलोला 300 जीएसएम पुरतो. आत ग्रीसप्रूफ (तेल न झिरपणाऱ्या) कागदाचे अस्तर तळ आणि चारही भिंती झाकेल एवढे कापा. नुसता तळ झाकला तर कोपऱ्यातून तेल झिरपते. फराळ पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम चकलीची वाफ पुठ्ठ्यात मुरते, डबा मऊ पडतो आणि चकलीही. पुठ्ठा हवा थोपवत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त टिकवायचे असेल तर पाकीटबंद करण्याला पर्याय नाही, हे ग्राहकाला आधीच सांगा.

प्रश्न : किराणा दुकानातले जुने खोके स्वस्त मिळतात. पिंपळगावातून बाहेरगावी टोमॅटो त्यातून पाठवले तर चालतील? (निफाड)

उत्तर : चालणार नाहीत. खोक्याच्या घड्या एकदा मोडल्या, कोपरे एकदा चेपले की पहिली ताकद परत येत नाही. त्यात आधी साबण की कीटकनाशक होते हेही कळत नाही. खोक्यांना भोके नसतात. टोमॅटो श्वास घेतात, आत घाम सुटतो आणि तळ गळून पडतो. रिकामे क्रेट परत येत असतील तर वीस किलोचे प्लास्टिक क्रेटच वापरा. परत येत नसतील तर भोकांचा नवा खोका घ्या.

जुने खोके रद्दीत द्या. त्याआधी चिकटपट्टी सोलून काढा आणि ओले, तेलकट खोके वेगळे करा. तारेच्या पिना राहिल्या तरी गिरणीत त्या लगद्यातून निघतात. मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असलेला पुठ्ठा मात्र साध्या खोक्यांच्या गठ्ठ्यात मिसळू नका. तो पाण्यात नीट विरघळत नाही आणि त्याचे तुकडे पुढच्या कागदात डाग बनून येतात.