वयस्कर माणसं नवीन तंत्रज्ञानाला इतकी का घाबरतात? त्यांना कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना नवा फोन घेऊन दिला, महिना झाला तरी ते जुना बटणांचाच वापरतात, आणि 'या पिढीला बदल नकोच असतो'. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी भर ऑफिसात, सगळ्यांसमोर ऐकलंय.

मी टायपिस्ट. सुरुवात टाइपरायटरवर केली. ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग हाताने कॅरेज सरकवायचं. चार प्रती हव्या असल्या तर मध्ये तीन कार्बन. ईमेलमध्ये जे 'सीसी' दिसतं ना, ती हीच कार्बन कॉपी. पुढे कॉम्प्युटर आला आणि त्यावर टाइप करायला वर्डस्टार. हा प्रोग्राम १९७८ सालचा, म्हणजे माउस सगळ्यांच्या हातात येण्याच्या आधीचा, त्यामुळे सगळं काम बटणांवर. कंट्रोल दाबून एस म्हणजे डावीकडे, डी म्हणजे उजवीकडे, ई वर, एक्स खाली. कीबोर्डवर ही चार अक्षरं बघा, पतंगाच्या चार टोकांसारखी बसलीत. हात जागचा हलवावाच लागत नाही. कंट्रोल-वाय दाबलं की अख्खी ओळ गायब. दोनेक वर्षांत हे सगळं डोक्यातून उतरून बोटांत गेलं. 'ओळ कशी पुसता हो?' असं कुणी विचारलं तर मला हवेत बोटं हलवून बघावं लागायचं.

आणि एका शुक्रवारी संध्याकाळी निरोप आला, सोमवारपासून वर्ड. शिकवणं वगैरे काही नाही. जुना प्रोग्राम चार दिवस शेजारी ठेवावा, तेही नाही, काढूनच टाकला. सोमवारी सकाळी टेबलावर चाळीस पानांचा अहवाल, दुपारी चारपर्यंत हवा. वरच्या ओळीत जायला कंट्रोल-ई दाबलं, तर परिच्छेद पानाच्या मधोमध जाऊन बसला. उजवीकडे सरकायला कंट्रोल-डी, तर फॉन्टची खिडकी उघडली. ओळ पुसायला कंट्रोल-वाय, तर नुकतंच टाइप केलेलं पुन्हा एकदा उमटलं. डावीकडे जायला मी कंट्रोल-एस दाबत होते, आणि त्या दर दाबण्यासरशी तो सगळा गोंधळ सेव्ह होत होता.

अकराच्या सुमारास साहेब मागे येऊन उभे राहिले. दोन मिनिटं पाहिलं आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाले, 'या पिढीला बदल नकोच असतो.' मला एका शब्दाने विचारलं नाही की काय अडलंय. अहवाल मी सहा वाजता दिला. घरी जाताना रस्ताभर डोळे पुसत होते.

रात्री वहीच्या एका पानावर दोन रकाने आखले, 'आधी' आणि 'आता'. ओळ पुसणे, तुकडा उचलणे, वर जाणे, खाली जाणे, एकेक लिहून काढलं. रोज रात्री तासभर सराव. तीन आठवड्यांत पूर्वीचा वेग परत आला. वर्ड वाईट होतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. ठळक केलेलं अक्षर पडद्यावर ठळकच दिसतं, याचं मला फार अप्रूप वाटलं होतं. परत वर्डस्टारवर जा म्हटलं असतं तर मी गेले नसते. पण नऊ वर्षं बोटांत साठवलेलं एका शनिवार-रविवारात शून्य झालं, आणि ते शून्य झालंय एवढंही कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मला आजही लागतं.

पुढे ऑफिसात ईमेल आलं. साहेब आलेल्या प्रत्येक ईमेलचा प्रिंट मागवायचे, कागदावर पेनाने उत्तर लिहायचे आणि आम्ही ते टाइप करून पाठवायचो. म्हणजे 'बदल करा' म्हणणाऱ्याच्या बोटांना काहीच बदलावं लागत नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. घाबरणं हा शब्दच चुकलाय. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढून टाकलं. विंडोज ९५ पासून लोकांचा हात आपोआप पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जात होता. केवढी ओरड झाली, आणि त्यात तरुणही भरपूर होते. पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये बटण परत आलं. त्या पोरांना कुणी म्हातारं म्हटलं नाही. इंग्रजी कीबोर्डवरच्या अक्षरांचा क्रम तर १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरपासून चालत आलाय, तुमच्या नव्याकोऱ्या फोनवरही तोच आहे. तो उद्या बदलला तर सगळ्यात आधी पंचविशीतली मुलं चिडतील, आणि त्यांचं चिडणं योग्यच असेल.

वडिलांच्या जुन्या फोनवर पाचच्या बटणावरून बोट फिरवा. तिथे बारीक उंचवटा असतो, कीबोर्डवर एफ आणि जे वर असतो तसाच. त्या उंचवट्यावरून अंधारात, चष्मा नसताना नंबर लावता येतो. काचेवर काहीच हाताला लागत नाही. फोन उचलायला कुठे दाबायचं, कुठे सरकवायचं, मॉडेलगणिक वेगळं. मागे जायचं बटणसुद्धा बऱ्याच फोनवरून गेलं, आता कडेवरून बोट ओढायचं, आणि तसं ओढायचं असतं हे पडद्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. जे काम बोटं करत होती ते आता डोळ्यांना करावं लागतं, आणि त्या वयात नेमके डोळेच साथ देत नाहीत.

पैशांच्या व्यवहाराची भीती मात्र खरी आहे, आणि ती घालवायच्या फंदात पडू नका. टाइपरायटरवर चूक झाली तर एक अक्षर बिघडायचं. इथे एक ओटीपी चुकीच्या माणसाला सांगितला की खातं रिकामं.

शिकवायचं म्हणाल तर जुना फोन काढून घेऊ नका, दोन्ही असू द्या. 'द्या इकडे, मी करतो' म्हणून हातातून ओढू नका. त्यांना स्वतःला जे हवंय, नातवाचा चेहरा बघायचा असेल तर तेवढंच, आधी दाखवा. आणि दोन रकान्यांचा कागद त्यांना त्यांच्या अक्षरात लिहू द्या.

हेही सांगायला हवं की काही जण खरंच हट्टी असतात. माझा थोरला भाऊ बटणाला हात न लावताच 'मला जमणार नाही' म्हणतो, त्याच्यापुढे मी हात टेकले. तुमचे वडील तसे असतीलही. पण ते ठरवण्याआधी त्यांना नेमकं काय अडतंय हे एकदा विचारा.

माझा तो कागद ऑफिसातल्या अकरा जणांनी उतरवून घेतला. माझ्या निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात म्हणाले, 'यांनी बदल फार लवकर स्वीकारला.' तेव्हा मी गप्प बसले, आज बोलते. साहेब, मी तो तीन आठवडे रात्री जागून शिकले होते. तुम्ही आठवडाभर आधी सांगितलं असतंत, तर तो अहवाल तुम्हाला चार वाजता मिळाला असता.