वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचा वर्ग घरी आणताना

प्रश्न : मी मेढ्याजवळच्या एका डोंगराळ गावात राहतो आणि साताऱ्याच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकतो. मोठ्या विद्यापीठांतील व्याख्याने विनामूल्य डाउनलोड करता येतात असे ऐकले. पण घरी मोबाइलला रेंज जेमतेम लागते. अशा ठिकाणी त्यांचा उपयोग होईल का, आणि त्यावर पदवी मिळते का?
— एक विद्यार्थी, ता. जावळी

उत्तर : उपयोग निश्चित होईल. डाउनलोड एकदाच करायचे असल्याने साताऱ्यात असतानाच महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील वायफायवर ते काम उरकावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपले वर्गसाहित्य जगाला खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली आणि त्यातून 'एमआयटी ओपनकोर्सवेअर' उभे राहिले. आपल्याकडे सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये 'एनपीटेल' हा तसाच उपक्रम सुरू केला. तुमच्या विषयासाठी ओपनकोर्सवेअरवरील प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने मी आधी सुचवेन. ती पस्तीसच्या आसपास आहेत, प्रत्येक साधारण पाऊण तासाचे आहे आणि सगळी १६ जीबीच्या मेमरी कार्डात मावतात. फाइल मात्र अभ्यासक्रमाच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. यूट्यूबच्या ॲपमध्ये साठवलेले व्हिडिओ त्या ॲपबाहेर उघडत नाहीत आणि दुसऱ्या यंत्रावर नेताही येत नाहीत.

आता कळकळीची सूचना. व्याख्यानांबरोबर त्या अभ्यासक्रमाचे प्रश्नसंच आणि त्यांची उत्तरेही उतरवून घ्या, कारण माझ्या मते खरे शिक्षण तेथेच घडते. फळ्यावरचे गणित सुटताना पाहिले की ते आपल्यालाही आले असे वाटते, आणि वही उघडल्यावर पहिल्याच पायरीला हात थांबतो. म्हणून एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्यावा, दहा-पंधरा मिनिटे ऐकून व्हिडिओ थांबवावा, पुढची पायरी स्वतः लिहून पाहावी आणि प्रश्नसंच सोडवल्याखेरीज उत्तरांची फाइल उघडू नये. दोन दिवस झटूनही जे सुटत नाही ते वहीत नोंदवून आपल्या महाविद्यालयातील शिक्षकांकडे न्यावे. नेमका अडलेला प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक मनापासून वेळ देतात. एसटीच्या प्रवासात इतिहासाचे व्याख्यान नुसते कानांनी ऐकता येईल, परंतु गणिताला फळा दिसावाच लागतो. त्यामुळे त्याचा अभ्यास घरच्या टेबलावरच करावा.

पदवी मिळत नाही. ओपनकोर्सवेअर प्रमाणपत्रही देत नाही. एनपीटेलवर शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते आणि साप्ताहिक स्वाध्यायांना २५ व परीक्षेला ७५ गुणांचे वजन असते. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने केली आहे, तरी नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाची संमती घ्यावी.

इंग्रजीची धास्ती असेल, तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'पासून सुरुवात करावी. संगणकाच्या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे तेथे मराठी निवेदनासह आहेत आणि धडा चालवत, थांबवत आपल्या संगणकावर तीच कृती करत जाण्याची त्यांची पद्धत एकट्याने शिकणाऱ्याला फार सोयीची आहे.

प्रश्न : अशी व्याख्याने पेनड्राइव्हवर घेऊन गावातील अभ्यासिकेत मुलांना दाखवणे नियमाला धरून आहे का?
— एक शिक्षिका, ता. जत, जि. सांगली

उत्तर : ओपनकोर्सवेअरचे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली दिलेले आहे की मूळ संस्थेचा उल्लेख ठेवून आणि व्यापारी हेतू न ठेवता त्याच्या प्रती काढता येतात, वाटताही येतात, त्यात फेरफार किंवा भाषांतर केल्यास तेही त्याच अटींवर खुले ठेवावे लागते. तेव्हा मुलांना निःशंकपणे दाखवावे, मात्र त्यासाठी पैसे आकारू नयेत. इतर संकेतस्थळांचे परवाने वेगळे असू शकतात. ते त्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावर पाहून घ्यावेत. अभ्यासिकेत इंटरनेटच नसेल, तर 'स्वयम् प्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या डीटीएच छत्रीवरून दूरचित्रवाणीवर विनामूल्य दिसतात आणि त्यांवरील तास दिवसातून अनेकदा पुन्हा दाखवले जात असल्याने शाळा सुटल्यानंतरची वेळही मुलांना साधता येते.