सीए नसताना एलएल.एम.ला व्यवसायांवरील करआकारणी हा विषय घ्यावा का?

तुम्ही विचारले आहे की, कला शाखेतून पदवी घेऊन एलएल.बी. झालेल्या आणि सीए नसलेल्या विद्यार्थ्याने एलएल.एम.ला व्यवसायांवरील करआकारणी हा विषय निवडावा, की तो वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी सोडून द्यावा. निःसंशय निवडावा. मीही कला शाखेचीच, आणि २०१३ साली याच निवडीवरून आमच्या घरात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

इचलकरंजीत वडिलांचा यंत्रमागाचा कारखाना होता. २००९ साली त्यांनी आठ जुने माग काढून त्यांच्या जागी आठ नवे माग बसवले आणि त्याच महिन्यात उरलेल्या मागांच्या मोटारी व बीम बदलून घेतले. एकूण खर्च १४ लाख ६० हजार रुपये झाला. त्यांपैकी ११ लाख नव्या मागांचे. दिवाणजींनी सगळी बिले एकाखाली एक लिहून वर एकच शीर्षक दिले होते, ‘माग दुरुस्ती’. वहीचे ते पान पुढे तीन ठिकाणी वाचले गेले. मार्च २०१३ मध्ये प्राप्तिकर अधिकाऱ्यांनी संपूर्ण रक्कम भांडवली खर्च (टिकाऊ मालमत्तेवरचा, म्हणून त्या वर्षीच्या नफ्यातून वजा न होणारा) ठरवून नामंजूर केली.

माझे दाजी सीए आहेत आणि वडिलांचे हिशेब तेच पाहत. पहिल्या अपिलात त्यांनी उत्पादनाचे तक्ते जोडले आणि कापडाचे मीटर वाढलेले नाहीत, म्हणून हा खर्च महसुली (रोजच्या धंद्याचा, त्याच वर्षी नफ्यातून पूर्ण वजा होणारा) आहे, असे मांडले. अपील फेटाळले गेले. मी त्याच वर्षी एलएल.एम.ला प्रवेश घेतला, तेव्हा ते म्हणाले, “टॅक्स म्हणजे आकडे. तू त्यात दोन वर्षे कशाला घालवतेस?”

दुसऱ्या सत्रात मी सरवणा स्पिनिंग मिल्स प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल पूर्ण वाचला आणि आमच्या प्रकरणातली चूक कोठे आहे ते मला दिसले. यंत्रांच्या दुरुस्तीची वजावट देणाऱ्या, १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३१ मध्ये ‘चालू दुरुस्ती’ असे शब्द होते, आणि त्या निकालानुसार कापड गिरणीतील प्रत्येक यंत्र ही स्वतंत्र वस्तू आहे. ते संपूर्ण बदलले तर ती गिरणीची दुरुस्ती होत नाही. म्हणजे आठ मागांवर आमची बाजू मुळातच टिकणारी नव्हती, पण जुन्या मागांची मोटार बदलणे ही त्या मागांची दुरुस्तीच होती आणि ती आम्ही स्वतंत्रपणे मांडलीच नव्हती. त्यासोबत एम्पायर ज्यूट प्रकरणाचा १९८० चा निकाल वाचा. ताग गिरण्यांनी आपसांत कामाचे तास मर्यादित केले होते आणि एक गिरणी दुसरीचे मागाचे तास विकत घेत असे. तो खर्च महसुली ठरला, कारण दीर्घकाळ टिकणारा लाभ मिळाला एवढ्यावरून खर्च भांडवली होत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे आमच्या वकिलांनी बिले वेगळी करून हाच मुद्दा मांडला. २०१६ साली ११ लाख भांडवली ठरले, त्यावर घसारा (यंत्राच्या झिजेपोटी दरवर्षी थोडी थोडी वजावट) मिळाला, आणि ३ लाख ६० हजार दुरुस्ती म्हणून मंजूर झाले. दाजींचे म्हणणे असे की, शेवटी आकडेच वेगळे केले. मला ते मान्य नाही. सात वर्षांत एका रुपयाच्या बेरजेवरही कोणी हरकत घेतली नव्हती. वाद होता तो ‘दुरुस्ती’ या शब्दाचा. १९४१ पासून चालत आलेल्या त्या न्यायाधिकरणाच्या खंडपीठावर एक लेखा सदस्य असतो आणि एक न्यायिक सदस्य, आणि तेथून उच्च न्यायालयात जायचे तर कायद्याचा महत्त्वपूर्ण प्रश्न दाखवावा लागतो. उच्च न्यायालयात सीए युक्तिवाद करू शकत नाहीत, वकीलच लागतो.

एलएल.एम.मध्ये हेच शिकायला मिळते, अर्थात निकाल सारांशावरून न वाचता मुळातून वाचले तर. बाचा गझदर यांचा १९५४ चा निकाल घ्या. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नातील ६० टक्के भाग शेतीचा म्हणून करमुक्त होता. तसाच आपला लाभांशही करमुक्त असावा, अशी मुंबईच्या या भागधारक महिलेची मागणी होती. भागधारक कंपनीच्या मळ्याचा मालक नसतो, म्हणून ती फेटाळली गेली. भागधारक आणि कंपनी यांतील हा भेद नीट समजला, की २०१२ चा व्होडाफोन निकाल, ज्यात केमन बेटांवरील कंपनीच्या एका समभागाच्या विक्रीवर भारताला कर घेता येतो का हा प्रश्न होता, वाचताना दडपण येत नाही.

आता दोन गोष्टी दाजींच्या बाजूच्या. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक वाचता आलेच पाहिजे. मी त्यासाठी सहा महिने संध्याकाळी एका सीएंच्या कार्यालयात बसत होते. आणि केवळ या पदवीवर कर विभागात नोकरी मिळेल असे धरून चालू नका, कारण न्यायाधिकरणापर्यंत सीएही उभे राहतात आणि तेथे त्यांचाच अनुभव मोठा असतो.

प्रवेशापूर्वी आणखी एक चौकशी करा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा आला आहे; कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘मागील वर्ष’ व ‘निर्धारण वर्ष’ यांऐवजी ‘कर वर्ष’ आले आहे. जुन्या वर्षांची प्रकरणे जुन्या कायद्यानेच चालतील, त्यामुळे दोन्ही शिकवणारा प्राध्यापक जेथे असेल तेथेच अर्ज करा.